कागदावरचा शोध आणि काहिलीतला रंग



मागच्या गटसभेत आम्ही शिळ्या उसावर बोलत होतो. बोलता बोलता दोन-तीन शास्त्रज्ञांची नावे आमच्या तोंडून निघाली. तेव्हा मागच्या रांगेतले एक जुने सभासद उठले आणि म्हणाले, "साहेब, ही मंडळी पेपर लिहितात, ते वाचतं कोण? आणि त्यानं टनामागं आमच्या पदरात काय पडतं?" सभेत हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता आणि आमचे त्या दिवशीचे उत्तर अपुरे पडले. म्हणून हा लेख.

1912 साली फ्रान्समधल्या लुई कामीय मायार (इंग्रजी ढंगाने मेलार्ड) या शास्त्रज्ञाने एक छोटासा लेख छापला. ग्लुकोजसारखी साखर आणि अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात ते घटक, एकत्र तापवली की मिश्रण तपकिरी होते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, असे त्यात होते. जमिनीतला ह्यूमसही असाच होत असावा, असे त्यांनी पुढे मांडले. 1936 साली ते वारले, तोवर या कामाची फारशी विचारपूस कोणी केली नव्हती.

मग दुसरे महायुद्ध आले. सैन्यासाठी सुकवलेली अंडी, दूध, बटाटे गोदामात पडून तपकिरी होऊ लागले, चव बिघडू लागली. आता मात्र कारण हवे होते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावी सरकारी शेती खात्याची प्रयोगशाळा आहे. तिथे 1941 साली जॉन हॉज हे कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ नोकरीस लागले. 1953 साली त्यांनी चहूकडे विखुरलेले काम गोळा करून साखर तपकिरी कशी होते याचा एकच नकाशा आखला. 'ए'पासून 'जी'पर्यंत सात क्रिया. आधी बिनरंगी, मग पिवळसर, शेवटी गडद. अन्नशास्त्राचे विद्यार्थी आजही हाच नकाशा शिकतात.

आता "वाचतं कोण" याचे उत्तर. संशोधक लिहिताना ज्याच्या कामाचा आधार घेतो, त्याचा हवाला लेखाच्या शेवटी देतो. हे हवाले मोजणारी सूची फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफिल्ड यांनी 1964 साली बाजारात आणली. 1979 साली त्यांच्याच साप्ताहिकात हॉज यांचा लेख 'सायटेशन क्लासिक', म्हणजे वारंवार हवाला दिला गेलेला लेख, म्हणून झळकला. 2005 साली हिर्श नावाच्या प्राध्यापकांनी 'एच निर्देशांक' काढला. 20 लेखांना प्रत्येकी किमान 20 हवाले असतील, तर निर्देशांक 20. एका गुंठ्यात विक्रमी ऊस काढला म्हणून सगळ्या रानाची सरासरी वाढत नाही, तसेच हे.

पण हे माप जपून वापरावे, असे आमचे मत. हॉज यांचा लेख आढाव्याचा होता, आणि आढाव्याला हवाले जास्त मिळतातच. उलट मूळ शोध अंगवळणी पडला की त्याचा हवाला देणे लोक सोडून देतात. 'मेलार्ड क्रिया' असे नुसते लिहिले की भागते. आपणही 'को 86032' लावतो. ती कोणी काढली, हे कोण विचारतो?

राहिला टनामागचा हिशेब. आपली साखर, म्हणजे सुक्रोज, या क्रियेत सरळ भाग घेत नाही. आधी ती फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज व्हावे लागते. तोडलेला ऊस रानात पडून राहिला की नेमके तेच होते. उतारा घटतो तो एक तोटा, आणि रंगाचे सामान तयार होते तो दुसरा. अमिनो आम्ले कुठून येतात? मोठ्या बांधणीनंतरही "जरा काळोखी येऊ दे" म्हणून टाकलेल्या युरियातून. नत्र उशिरा दिले की रसात ती वाढतात. दोन्ही एकत्र तापली की काहिलीत गूळ काळवंडतो, कारखान्यात साखरेचा रंग चढतो. सगळाच रंग यातून येतो असे नाही. पण हा वाटा आपल्या हातातला आहे. गरम मोलॅसिस थंड न करता टाकीत भरले तर फेसाळून फुगते, त्यामागेही हीच क्रिया धरतात. 1912 च्या लेखातला वायू तो हाच.

खरे सांगायचे तर, "जादा युरियानं गूळ काळा पडतो" एवढेच आम्ही वर्षानुवर्षे बांधावर सांगत आलो. का पडतो, असे कोणी विचारले की "तसा अनुभव आहे" म्हणून वेळ मारून नेत होतो.

परवा त्या सभासदांना हे सगळे त्यांच्या ओट्यावर बसून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "युरियाचं माझ्याकडं लागलं. पण टोळी ऊस तोडून जाते आन् गाडी तिसऱ्या दिवशी येते, त्याचं काय?" हा प्रश्न आमच्या खात्याचा आहे. त्यांच्या गटातल्या तोडणीच्या आणि वजनाच्या तारखा आम्ही या हंगामापासून शेजारी-शेजारी लिहून ठेवणार आहोत.