मारीपासून जादपर्यंत

1900 साली फ्रान्समध्ये जन्मलेल्या मुलींपैकी साधारण पाचात एकीचे नाव मारी ठेवले गेले. एकविसावे शतक सुरू होऊन काही वर्षे होतात तोच हे प्रमाण शंभरात एकीच्याही खाली उतरले. मधल्या काळात फ्रेंच कुटुंबांची आवड बदलली हे खरे; पण त्याहून मोठा बदल झाला तो नाव ठरवण्याच्या अधिकारात. हा अधिकार आधी चर्च आणि नातेवाइकांकडे होता, मग सरकारी यादीकडे गेला आणि अखेर आई-वडिलांच्या हाती आला.

राजा पहिला फ्रान्स्वा याने 1539 मध्ये व्हिलेर-कोत्रे येथे काढलेल्या हुकूमनाम्याने बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवणे पाद्र्यांवर बंधनकारक केले. याच शतकात, ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर, मुलाला संताचेच नाव द्यावे असा आग्रह कॅथलिक चर्चने धरला. तो संत मुलाचा आयुष्यभराचा पाठीराखा मानला जाई. प्रत्यक्षात नाव देण्याचा मान धर्मपिता आणि धर्ममातेचा असे आणि पुष्कळदा ते आपलेच नाव देत. धर्मपिता म्हणजे बहुधा आजोबा किंवा काका, आणि धर्ममाता म्हणजे आजी किंवा मावशी. त्यामुळे मोजकीच नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिली : मुलांत ज्याँ, पिएर, फ्रान्स्वा, ज्याक, लुई आणि मुलींत मारी, ज्यान, आन, कातरीन, मार्गरीत. एकाच घरात थोरला ज्याँ आणि धाकटा ज्याँ असे दोन सख्खे भाऊ असणे नवलाचे नव्हते. ओळखायला टोपणनावे होतीच. नाव इतरांपेक्षा वेगळे असावे ही अपेक्षाच त्या काळी नव्हती. ते मुलाला घराण्याशी आणि संताशी बांधणारे होते.

ही वीण पहिल्यांदा उसवली ती फ्रेंच राज्यक्रांतीने. 20 सप्टेंबर 1792 च्या कायद्याने जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदी चर्चकडून काढून नगरपालिकांकडे सोपवल्या. काही उत्साही नागरिकांनी मुलांची नावे ब्रुटुस, मारा, लिबेर्ते म्हणजे ‘स्वातंत्र्य’, अशी ठेवली. 1793 मध्ये आलेल्या क्रांतिकारी पंचांगात प्रत्येक दिवसाला संताऐवजी एखादी वनस्पती, प्राणी किंवा शेतीचे अवजार नेमून दिले होते. त्यातूनही काही नावे उचलली गेली. ही लाट थोड्याच वर्षांत ओसरली, पण नावांचे काय करायचे हा प्रश्न शासनापुढे राहिला.

त्याचे उत्तर नेपोलियनच्या राजवटीत मिळाले. 1 एप्रिल 1803 च्या कायद्याने दोनच प्रकारची नावे मान्य केली : निरनिराळ्या पंचांगांत वापरात असलेली आणि प्राचीन इतिहासातील विख्यात व्यक्तींची. क्रांतीची हौस आवरणाऱ्या या कायद्यावर तारीख मात्र क्रांतिकारी पंचांगातलीच पडली, ‘11 जर्मिनल, वर्ष 11’. व्यवहारात ‘पंचांग’ म्हणजे संतांची दिनदर्शिकाच, ज्यात प्रत्येक तारखेसमोर एका संताचे नाव छापलेले असते. यादीबाहेरचे नाव नाकारण्याचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्याला मिळाला. नाव देण्याची सत्ता चर्चकडून राज्याकडे आली, यादी मात्र बव्हंशी चर्चचीच राहिली. हा कायदा थोडाथोडका नव्हे, जवळजवळ 190 वर्षे टिकला.

1900 पासूनचे चित्र अधिक स्पष्ट दिसते, कारण इन्से या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेची नावनिहाय आकडेवारी त्या वर्षापासून उपलब्ध आहे. शतकाच्या पूर्वार्धात मुलींमध्ये मारीला प्रतिस्पर्धी नव्हती. मुलांमध्ये ज्याँचे राज्य होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मदर उसळला तेव्हा, 1946 या एका वर्षात, 50,000 हून अधिक मुलांचे नाव ज्याँ ठेवले गेले. चौकट जुनीच असली तरी आत हालचाल होती. पहिल्या महायुद्धात सेनापती जोफ्र यांच्यावरून काही मुलींना जोफ्रेत हे नाव मिळाले. लिझ्यूच्या तेरेजला 1925 मध्ये आणि लूर्दच्या बर्नादेतला 1933 मध्ये संतपद मिळाले. या दोन्ही नावांची चलती त्याच काळातली. ‘-एत’ या प्रत्ययाने पोलेत, ओदेत, जिनेत, यव्हेत अशा मुलींची एक पिढीच घडवली. यादी तोकडी असल्याने नावीन्य साधायचे ते दोन नावे जोडून : ज्याँ-पिएर, ज्याँ-क्लोद, मारी-तेरेज, मारी-क्रिस्तीन.

1950 नंतर चक्र वेगाने फिरू लागले. मुलांमध्ये मिशेलनंतर फिलिप, मग क्रिस्तोफ, स्तेफान, सेबास्तियाँ आणि निकोला आले. मुलींमध्ये मार्तीन, सिल्वी, नाताली, स्तेफानी, सेलीन, ओरेली, एलोदी असा क्रम लागला. यातले प्रत्येक नाव काही वर्षे शिखरावर राहिले आणि मग उतरणीला लागले. त्यामुळे फ्रेंच माणसाचे नाव ऐकून त्याच्या वयाचा अंदाज बांधता येतो : मोनिक म्हटले की आजी, सिल्वी म्हटले की तिची मुलगी, एलोदी म्हटले की नात.

या चक्राचा अभ्यास समाजशास्त्रज्ञ फिलिप बेनार आणि संख्याशास्त्रज्ञ गी देप्लांक यांनी केला. त्यांचे पुस्तक 1986 मध्ये प्रसिद्ध झाले. नवे नाव आधी वरच्या, शहरी वर्गात रुजते, तिथून मध्यमवर्गात आणि शेवटी कामगार-शेतकऱ्यांत पोहोचते. तोवर वरच्या वर्गाने ते टाकून दिलेले असते, असे त्यांना दिसले. गाणी आणि चित्रपट नाव जन्माला घालतात हा समजही त्यांच्या आकडेवारीपुढे टिकत नाही. जिल्बेर बेको यांचे ‘नाताली’ हे गाणे 1964 मध्ये गाजले, पण तोपर्यंत नाताली हे नाव वर चढू लागलेलेच होते. लोकप्रिय कलाकृती बहुधा चढत्या नावाला धक्का देते, ते शून्यातून उभे करीत नाही.

कायद्याची पकड सैल झाली ती टप्प्याटप्प्याने. ब्रिटनी प्रांतातील काही पालकांनी ब्रेतों भाषेतली नावे नोंदवण्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. एका कुटुंबातील अनेक मुलांची नावे नाकारली गेल्याने ती सरकारदरबारी जणू अस्तित्वातच नव्हती. 1966 च्या सरकारी सूचनेने प्रादेशिक, परदेशी आणि पुराणकथांमधील नावांना वाट मोकळी करून दिली. अखेर 8 जानेवारी 1993 च्या कायद्याने यादीच रद्द केली. आता पालक हवे ते नाव ठेवू शकतात. मुलाच्या हिताला बाध येतो असे वाटल्यास नोंदणी अधिकारी सरकारी वकिलाला कळवतो आणि अंतिम निर्णय न्यायाधीश देतो.

या मोकळिकीच्या उंबरठ्यावर केविन उभा आहे. हे आयरिश संताचे नाव 1989 ते 1994 या काळात फ्रेंच मुलांमध्ये पहिल्या क्रमांकावर होते; एकट्या 1991 मध्ये 13,000 हून अधिक केविन जन्मले. जोडीला अमेरिकी मालिकांमधून डिलन आणि ब्रँडन आले. नाव वरून खाली झिरपते, हा नियम इथे उलटला. केविनची आवड वाढली ती कामगार आणि कनिष्ठ मध्यमवर्गात, दूरदर्शन संचाच्या साक्षीने. उच्चभ्रूंनी त्याला जवळ केले नाही. म्हणूनच पुढे हे नाव वर्गभेदाची खूण होऊन बसले आणि ते धारण करणाऱ्या मुलांना टिंगल सोसावी लागली.

न्यायालयांना हस्तक्षेप करावा लागतो तो क्वचितच. चित्रकथेतील व्रात्य पोराचे तितफ हे नाव सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये अमान्य ठरवले. व्हालाँसिएन येथील न्यायाधीशांनी 2014 मध्ये ‘नुटेला’ बदलून मुलीचे नाव एला ठेवले. कॅंपेर येथे 2017 मध्ये ‘फाँश’ या ब्रेतों नावातील एका अक्षरावरच्या चिन्हावरून खटला उभा राहिला. ते चिन्ह फ्रेंच लिपीत नाही, असे सरकारचे म्हणणे होते. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने कौल दिला.

मोकळिकीचा खरा परिणाम आकड्यांत दिसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस वर्षभरात वेगवेगळी अशी दोन हजारांच्या आसपास नावे ठेवली जात; 2016 मध्ये ही संख्या सुमारे 13,000 झाली. पहिल्या क्रमांकाचे वजनही घटले. अलीकडे मुलांमध्ये आघाडीवर असलेले गाब्रिएल हे नाव वर्षाला पाचेक हजारांना दिले जाते, म्हणजे 1946 च्या ज्याँच्या दशांश.

नावे आखूडही झाली. मुलींमध्ये ‘आ’कारान्त एमा, लेआ, लोला, क्लारा, मिला, तर मुलांमध्ये ‘ओ’कारान्त एंझो, उगो, तेओ, लेओ पुढे आले. रायान, यानिस, इनेस, लीना अशी नावे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांना सोयीची ठरली, कारण ती दोन्ही समाजांत खपून जातात. जाद तर मौल्यवान खड्याचे नाव. कोणत्याही संताशी नाते नसलेले हे नाव 2020 नंतर मुलींमध्ये अग्रक्रमावर पोहोचले.

त्याच यादीत जादच्या शेजारी लुईज, आलिस, रोज, लुई आणि ज्यूल आहेत, 1900 च्या सुमारास घरोघरी असलेली नावे. पालकांच्या पिढीचे नाव सामान्य वाटते, आजी-आजोबांच्या पिढीचे म्हातारे. पणजी-पणजोबांच्या पिढीची माणसे मात्र बहुधा हयात नसतात, त्यामुळे त्यांची नावे पुन्हा ताजी वाटू लागतात. या हिशेबाने मोनिक, बर्नार आणि जेरार यांची पाळी अजून आलेली नाही. मारीही मुख्य नाव म्हणून मागे पडली असली, तरी अनेक मुलींच्या जन्मनोंदीत दुसरे किंवा तिसरे नाव म्हणून टिकून आहे.