घरी ब्रॉडबँड घेण्याआधी

ब्रॉडबँड कशाला म्हणतात? भारतात किमान 2 एमबीपीएस वेगाला. ही व्याख्या 2023 ची. त्याआधी 512 केबीपीएसही चालत असे.

बिट आणि बाइट : 8 बिट म्हणजे 1 बाइट. 100 एमबीपीएसच्या (मेगाबिट प्रति सेकंद) जोडणीवर सेकंदाला फार तर 12.5 मेगाबाइट उतरतात. ‘वेग कमी मिळतो’ या तक्रारींचं मूळ पुष्कळदा इथेच असतं.

खरं बिल : जाहिरातीतल्या आकड्यावर बहुधा 18 टक्के जीएसटी वेगळा. 499 रुपयांचे 588.82 होतात. राउटरची अनामत आणि जोडणीखर्च निराळा.

‘अनलिमिटेड’ : ठरलेला डेटा संपला की वेग घसरतो; तो कितीवर येतो, ते बारीक अक्षरांत असतं.

भारतनेट : 2011 मध्ये मंजूर झालेली केंद्राची योजना. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आणणं हा तिचा मूळ हेतू. घरातली जोडणी वेगळी घ्यावी लागते.

गावच्या घरात
- जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंतींत 5 गिगाहर्ट्झचा वायफाय लवकर दमतो, 2.4 चा पल्ला जास्त, वेग कमी. राउटर माजघरात ठेवावा, पडवीच्या टोकाला नको.
- फायबरची काच वीज वाहत नाही, पण राउटरचा अ‍ॅडॅप्टर वाहतो. गडगडाट सुरू झाला की प्लग काढावा.
- लाइट गेली की राउटरही बंद. छोटा यूपीएस लागतो.

पैसे भरण्याआधी शेजाऱ्यांना एवढंच विचारा : गेल्या पावसात झावळ पडून वायर तुटली, तेव्हा माणूस कितव्या दिवशी आला?