कारखाना वाचवायचा की मालक?

आपला कर, आपला हिशेब : लेखांक ७

गाड्या बनवणारी कंपनी डबघाईला आली की मागणी ठरलेली असते : सरकारने हात द्यावा, नाहीतर हजारो कामगार रस्त्यावर येतील. सरकारने म्हणजे अर्थात करदात्याने. पेणमध्ये गणपती घडतात, रोह्याच्या धाटाव एमआयडीसीत रसायने तयार होतात. गाड्यांशी आपला संबंध विकत घेण्यापुरताच. तरीही या प्रश्नाचे उत्तर शोधायला पेणसारखे दुसरे ठिकाण नाही, कारण २०१० या एकाच वर्षी पेण तालुक्याने दोन मोठे डोलारे डळमळताना पाहिले.

सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले. बोगस कर्जांत सहाशे कोटींच्या आसपास रक्कम गेली होती आणि सुमारे दोन लाख ठेवीदार अडकले होते. पोरीच्या लग्नासाठी ठेवलेले, निवृत्तीनंतर मिळालेले, सगळे पैसे एका रात्रीत हाताबाहेर गेले. त्यानंतर ठेवीदारांच्या वाट्याला मोर्चे आले, उपोषणे आली आणि कोर्टाच्या तारखा आल्या.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात वीसेक किलोमीटरच्या आत, डोलवीला, वेगळेच घडले. तिथला इस्पात इंडस्ट्रीजचा पोलाद कारखाना कित्येक वर्षे कर्जाखाली दबलेला होता. सरकारी बँका आणि वित्तसंस्थांनी कर्जाची पुनर्रचना केली, मुदती वाढवून दिल्या. याला कोणी करदात्याची मदत म्हटले नाही, पण सरकारी बँकेची वसुली लांबते तेव्हा तिचा भार शेवटी तिच्या मालकावर, म्हणजे जनतेवरच येतो. एवढी सवलत मिळूनही कंपनी सावरली नाही. सावरली ती मालक बदलल्यावर. जेएसडब्ल्यू स्टीलने सुमारे २,१५७ कोटी रुपये घालून ४१ टक्के हिस्सा घेतला. ही रक्कम जुन्या प्रवर्तकांच्या खिशात न जाता नव्या समभागांच्या बदल्यात थेट कंपनीत आली. जुन्या प्रवर्तकांचा हिस्सा घटला, भट्ट्या मात्र पेटत्या राहिल्या. तेव्हा वर्षाला ३३ लाख टन क्षमता असलेला हा कारखाना आज एक कोटी टनांचा आहे. (आसपासच्या शेतकऱ्यांचे आणि धरमतर खाडीतल्या मच्छीमारांचे प्रश्न यामुळे सुटलेले नाहीत, त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे.)

आता गाड्यांकडे वळू. २००८-०९ च्या मंदीत जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली, तेव्हा अमेरिकी सरकारने तिच्यात सुमारे ५० अब्ज डॉलर ओतले आणि बदल्यात बहुसंख्य समभाग घेतले. जुन्या भागधारकांचे समभाग मातीमोल झाले, ते योग्यच झाले. पुढे सरकारने आपला हिस्सा विकला. त्यात करदात्याला दहा अब्ज डॉलरहून अधिक खोट बसली, पण तिथले लाखो रोजगार टिकले.

याच कंपनीचा कारखाना आपल्याकडे तळेगावला २००८ मध्ये सुरू झाला होता. वाचलेल्या कंपनीने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादनही बंद केले. जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री पुढे ह्युंदाईने घेतली. हजारावर कामगार मात्र त्या सौद्याबाहेर राहिले. आम्हालाही नव्या कंपनीत घ्या, ही त्यांची मागणी होती. तळेगावच्या पाळीला जाणाऱ्या माणसाला आपले काम टिकेल याची हमी कोणीच दिलेली नव्हती.

आपण कारखानदाराला मदत करतो ती फक्त तो बुडताना नव्हे, तो येतानाही. रायगडच्या बऱ्याच भागातल्या गाड्यांची नोंदणी पेणच्या आरटीओत होते, नंबर एमएच ०६. रोह्याच्या एखाद्या माणसाने आठ लाखांची छोटी पेट्रोल गाडी घेतली, तर ११ टक्क्यांनी ८८ हजार रुपये मोटार वाहन कर होतो. तो शासनाकडेच राहतो. पण त्या आठ लाखांत १८ टक्के जीएसटीही असतो आणि त्यातला राज्याचा निम्मा वाटा सुमारे ६१ हजारांचा. गाडी महाराष्ट्रातच बनलेली असेल आणि कारखाना सामूहिक प्रोत्साहन योजनेखालचा मोठा प्रकल्प असेल, तर असा जीएसटी ठरलेल्या मर्यादेपर्यंत आणि ठरलेली वर्षे कंपनीला अनुदान म्हणून परत मिळू शकतो. केंद्राची २०२१ ची वाहन उद्योगासाठीची उत्पादननिगडित प्रोत्साहन योजना आणखी वेगळी, ती २५,९३८ कोटींची.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. बुडत्या कंपनीच्या मालकाला करदात्याचा एक रुपयाही मिळू नये. कारखाना चालण्याजोगा असेल तर डोलवीसारखा तो नव्या मालकाकडे जावा, आणि सरकारी पैसा घालावाच लागला तर समभागांच्या बदल्यात घालावा. मदतीचा पहिला हक्क कामगारांचा आणि छोट्या पुरवठादारांचा. ज्या कंपनीने वर्षानुवर्षे जीएसटीचा परतावा घेतला, तिने कारखाना बंद करताना किंवा विकताना कामगारांना सामावून घेण्याची नाहीतर पुरेशी भरपाई देण्याची जबाबदारी उचललीच पाहिजे. ही अट अनुदानाच्या करारातच लिहिलेली असावी. कंपनी निघून जायला लागल्यावर ती घालता येत नाही, तेव्हा शासनाच्या हातात काहीच उरलेले नसते. अशा अटींनी गुंतवणूक दुसऱ्या राज्यात पळेल, असे उद्योग खात्यातले लोक सांगतील. ही भीती खोटी नाही. पण राज्ये एकमेकांवर कुरघोडी करत सवलती वाढवत राहिली, तर प्रत्येक राज्याचा करदाता त्यात भरडला जाईल. अट केंद्राच्या पातळीवर सगळ्यांना सारखी लागू करणे, हा त्यावरचा मार्ग आहे.

पुढच्या लेखांकात : ठेव विम्याच्या कायद्यात २०२१ मध्ये झालेली दुरुस्ती. निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद पेण अर्बननंतर अकरा वर्षांनी का आली, ते पाहू.