वेतन, वेठ आणि वेय्यावच्च

विवाहविधी पार पाडणाऱ्या बौद्धाचार्यांना काही द्यावे की नाही? वस्तीतील तरुणाने विहारातील विजेचे काम केले, तर त्याने मजुरी मागावी काय? शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणाऱ्या मुलीने दहा-वीस रुपये घेतले, तर तिने सेवाभाव सोडला असे म्हणावे काय? असे प्रश्न उपासक-उपासिका वारंवार विचारतात. एक पक्ष म्हणतो, पैसा आला की पुण्य गेले. दुसरा म्हणतो, फुकटच्या कामाला किंमत राहत नाही. पालि वाङ्मय पाहिले असता ही दोन्ही मते अपुरी ठरतात.

विनयपिटकातील महावग्गात जीवक वैद्याची कथा सविस्तर आली आहे. तक्षशिलेला सात वर्षे वैद्यक शिकून तो राजगृहाकडे निघाला आणि साकेत नगरीत त्याची शिदोरी संपली. तेथे एका श्रेष्ठीची पत्नी सात वर्षे शिरोरोगाने पीडित होती. मोठमोठे वैद्य धन घेऊन गेले होते, गुण मात्र आला नव्हता. जीवकाने निरोप पाठविला की, आधी काहीच देऊ नये. बरे वाटल्यावर इच्छेस येईल ते द्यावे. नाकावाटे दिलेले औषधी तूप तोंडातून बाहेर पडले, तेव्हा तिने ते दासीकडून कापसाने टिपून घेतले. एवढी चिक्कू बाई आपल्याला काय देणार, या विचाराने जीवक खिन्न झाला. तिने ते ओळखले. हे तूप दास-कामगारांच्या पायांना चोळावयास किंवा दिव्यात घालावयास उपयोगी पडेल, तुमच्या देण्यात मात्र उणे पडणार नाही, असे तिने त्याला सांगितले. ती बरी झाली. ती, तिचा पुत्र, सून आणि पती यांनी प्रत्येकी चार हजार, असे एकूण सोळा हजार कार्षापण जीवकास दिले. या मोबदल्याविषयी विनयग्रंथात निषेधाचा एक शब्दही नाही.

पुढे बिंबिसार राजाने याच जीवकाला बुद्धप्रमुख भिक्षुसंघाच्या चिकित्सेसाठी नेमले. धन न बाळगणाऱ्या संघाकडून मोबदल्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा मगधात कुष्ठ, क्षय, अपस्मार आदी पाच रोग पसरले होते. हे उपचार मिळावेत एवढ्यासाठी लोक प्रव्रज्या घेऊ लागले आणि बरे होताच चीवर उतरवू लागले. जीवकाने ही गोष्ट निदर्शनास आणली, तेव्हा अशा रोग्यांना प्रव्रज्या न देण्याचा नियम झाला. विनामूल्य सेवेलाही मर्यादा लागते, ती कोणाला द्यावयाची याचा विवेक लागतो, हे त्या काळीच कळून चुकले होते.

या कथेतील आणखी एक तपशील आपण झाकून ठेवू नये. श्रेष्ठीने जीवकाला धनाबरोबर एक दास, एक दासी आणि अश्वरथही दिला. वैद्याला त्याची फी मिळाली. पण ज्या दासीने तूप टिपले, तिला कोणते वेतन होते? तिची सेवा विनामूल्य होती. तिला दान कोण म्हणेल?

आपल्या समाजाला ही दासी परकी नाही. सरकारी सारा तालुक्याला पोहोचविणे, मर्तिकाचा निरोप गावोगाव नेणे, मेलेली ढोरे ओढणे ही कामे महार वतनदारांकडून रात्रंदिवस करून घेतली जात. बदल्यात थोडी जमीन आणि बलुत्याचे मूठभर धान्य, तेही देणाऱ्याच्या मर्जीवर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते यासाठीच. ही कनिष्ठ वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडले. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस मनाई केली आहे आणि किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणे हेही सक्तीचे श्रम होत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिला.

दीघनिकायातील सिङ्गालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: शक्तीनुसार काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, विशेष पदार्थ वाटून खाणे आणि वेळेवर सुट्टी देणे. वेतन येथे कर्तव्य आहे, उपकार नव्हे. म्हणून जे देणे लागतो ते दिल्यावरच दानाची भाषा सुरू होते. 'समाजाचे काम आहे' असे म्हणून मजुराची मजुरी बुडविणे म्हणजे वेठीला धम्माचे वस्त्र नेसविणे होय.

मग विनामूल्य साहाय्याचे स्थान कोठे? महावग्गातच त्याचे उत्तर आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्षू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. इतर भिक्षू आपली शुश्रूषा का करीत नाहीत, याचे कारण त्याने स्वतःच सांगितले: मी त्यांच्या काही उपयोगी पडलो नाही. पालि शब्द आहे 'अकारक'. देवघेवीच्या हिशोबात त्याच्या खाती काहीच जमा नव्हते. तथागतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. ज्याच्याजवळ परतफेडीस काही नाही, तेथे हिशोब थांबतो आणि वेय्यावच्च, म्हणजे सेवा, सुरू होते. अट्ठकथांनी दहा पुण्यक्रियांमध्ये तिची गणना केली आहे. तरीही मृत भिक्षूचे पात्र व चीवर त्याच्या शुश्रूषकास द्यावे, असा नियम तथागतांनी केला. निरपेक्ष सेवेचीही जाण ठेवावयाची असते.

सत्पुरुषाच्या दानाची जी लक्षणे अंगुत्तरनिकायात आली आहेत, त्यांतील एक आपल्या प्रश्नाला अचूक लागू पडते: स्वतःला व दुसऱ्याला इजा न पोहोचविता दिलेले दान. हीच कसोटी आपण लावावी. ज्याचे घर रोजच्या मजुरीवर चालते, त्या वीजकाम करणाऱ्या तरुणाला विहाराने पूर्ण मजुरी द्यावी. त्यातून तो काही परत दानपेटीत टाकील, तर ते त्याचे दान. बौद्धाचार्यांचा प्रवासखर्च व वेळ यांची भरपाई यजमानाने न मागता करावी. मात्र ज्याच्याजवळ देण्यास काही नाही, त्याचा विधी अडता कामा नये. अर्ज भरणाऱ्या मुलीने दहा रुपये खुशाल घ्यावेत आणि समोर एखादी निरक्षर निराधार आजी आली, तर ते घेऊ नयेत. दोन्ही वेळा तिचे आचरण धम्माला धरूनच आहे. कारण 'नको' म्हणण्याचा अधिकार आता तिच्या हाती आहे, आणि हाच अधिकार आपल्या आजोबा-पणजोबांना नव्हता.