खिळा रुतला, पण हवा गेली नाहीं

मोटारीच्या टायरांत खिळा रुतलेला दिसला, म्हणजे तो तत्काळ उपटून टाकावा, अशी इच्छा कोणासही होते. परंतु हवा कमी झालेली नसेल, तर ही घाई बहुधा नडते. असें कां, तें थोडक्यांत पाहूं.

पूर्वीं मोटारीच्या टायरांत रबराची ट्यूब असे. तिला खिळा लागला कीं हवा त्वरित निघून जाई. ट्यूबविरहित टायर १९४७ सालीं अमेरिकेंतील गुडरिच कंपनीनें पुढें आणला. आज बहुतेक मोटारींस तसेच टायर असतात. त्याच्या आंतील अंगास हवा सहसा न झिरपणाऱ्या रबराचें अस्तर असतें. खिळा आरपार गेला तरी सभोंवतालचें रबर त्यास घट्ट आवळून धरतें व खिळाच बुचाचें काम करतो. तो उपटणें म्हणजे बाटलीचें बूच काढणें होय. कित्येकदां खिळा आंखूड असून वरच्या जाड थरांतच अडकतो. पण बाहेरून पाहून हा भेद कळत नाहीं.

मग करावें काय? प्रथम त्या जागीं खडूनें खूण करावी. सकाळीं टायर थंड असतां हवेचा दाब मोजून लिहून ठेवावा. धांवल्यानें टायर तापतो व दाब वाढतो, म्हणून थंड टायराचें माप थंड टायराशींच ताडावें. नंतर खिळ्यावर साबणाचें पाणी सोडावें. बुडबुडे आले, तर हवा जात आहे असें समजून स्टेपनी लावावी. न आले, तरी दुसऱ्या दिवशीं दाब पुन्हां मोजावा.

हवा गळत नसली तरी खिळा तसाच ठेवून महिनोन्महिने फिरणें योग्य नव्हे. तो हलून छिद्र रुंदावतें. पाणी शिरून आंतील पोलादी तारांस गंज चढतो. दाब उतरला कीं टायराच्या बाजू अधिक वांकतात, तापतात, आणि भरधांव गाडीचा टायर फुटण्याचें भय असतें. म्हणून एकदोन दिवसांतच गाडी हळू चालवीत पंक्चरवाल्याकडे न्यावी व खिळा तेथेंच काढवावा. छिद्र रस्त्यास टेकणाऱ्या मधल्या भागांत व सुमारें ६ मिलिमीटरपर्यंत असेल, तर टायर चाकावरून उतरवून, आंतून तपासून, छिद्र बुजवून वर ठिगळ लावावें. बाजूच्या भिंतीस छिद्र असेल, तर टायर बदलावाच.

विद्यार्थिमित्रहो, गाडींत बसण्यापूर्वीं चारी चाकांकडे एकवार पाहण्यास अर्धें मिनिट पुरतें. दिसलेल्या खिळ्यास घाबरूं नये. पण त्यास विसरूंही नये.