टक्कर कोणत्या दिवशीची? चमक कोणत्या दिवशीची?

गेल्या वर्षी विज्ञान दिनाच्या भित्तिपत्रकात मी एक टिपण लिहिले होते. ‘दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली आणि त्या टकरीची चमक दुर्बिणीत दिसली,’ असे त्यातले ठळक वाक्य. खाली माझे नाव, ‘द्वितीय वर्ष, इतिहास’. आमच्या सरांनी ते उभ्याउभ्याच वाचले आणि एवढेच विचारले, “टक्कर कोणत्या दिवशीची? चमक कोणत्या दिवशीची?” मला दोन्ही सांगता येईनात. एखाद्या जुन्या पत्रावर तारीख नसली तर तासभर वाद घालणारा मी, आकाशाच्या बाबतीत तारखेवाचून खुशाल निकाल देऊन बसलो होतो.

मग वाचू लागलो, तेव्हा कळले की या विषयात सगळे काही घड्याळावरच चालते.

विजयदुर्गावरचे ‘साहेबाचे कट्टे’ आपल्यापैकी बहुतेकांनी सहलीत पाहिले आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ते बांधले, असे सांगतात. ग्रहणाची वेळ आधी ठाऊक असते, म्हणून कट्टे आधी बांधता येतात. गॅमा किरणांच्या स्फोटाचे तसे नाही. एखाद्या प्रचंड ताऱ्याचा गाभा कोसळतो, किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळतात, आणि आकाशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून हा झोत येतो. कधी क्षणभर टिकतो, कधी काही मिनिटे. शिवाय आपले वातावरण हे किरण शोषून घेते, त्यामुळे मालवणच्या धक्क्यावर रात्रभर बसले तरी काही दिसायचे नाही. पहिला स्फोट सापडला तोही चुकूनच. चोरून होणाऱ्या अणुचाचण्यांवर पाळत ठेवणाऱ्या अमेरिकेच्या ‘वेला’ उपग्रहांनी २ जुलै १९६७ रोजी तो टिपला. जगाला ही बातमी कळली १९७३ मध्ये.

आपल्या ‘अॅस्ट्रोसॅट’ची गोष्टही काहीशी तशीच. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या या उपग्रहावर सीझेडटीआय नावाचे उपकरण आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याचे ‘आयुका’ यांचा त्यात मोठा वाटा. कॅडमियम, झिंक आणि टेल्युरियम यांच्या स्फटिकांच्या ६४ पट्ट्या, प्रत्येकीत २५६ घरे. किरण घरात शिरला की विद्युतभार सुटतो. भार किती यावरून किरणाची ऊर्जा कळते, आणि आल्याची वेळ सेकंदाच्या पन्नास हजाराव्या भागापर्यंत नोंदली जाते. एरवी ही नोंद संथ चालते. ती एकदम उसळली की स्फोटाचा संशय घ्यायचा.

उपकरण बनवले होते समोरच्या ताऱ्यांकडे पाहण्यासाठी. पण एक लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वरचे किरण त्याच्या भिंती भेदून बाजूनेही आत शिरतात. त्यामुळे पृथ्वीआड गेलेला भाग सोडला तर साऱ्या आकाशावर आपोआप पहारा बसला. आमचे काका रापणीवर म्हणतात तसे, “जाळां सरंग्याक टाकलां, नि गावली सुंगटां!” ६ ऑक्टोबर २०१५ ला उपकरण सुरू झाले आणि त्याच दिवशी पहिला स्फोट मिळाला. २०२२ पर्यंत संख्या पाचशेवर गेली.

पण बाजूने आलेला किरण नेमका कुठून आला, हे एकट्या उपकरणाला नीट सांगता येत नाही. चिवल्याच्या किनाऱ्यावर तिरकी लाट एका टोकाला आधी फुटते, दुसऱ्या टोकाला मागाहून. दोन्ही टोकांना घड्याळ घेऊन माणसे उभी केली, तर समुद्राकडे न बघताही लाटेची दिशा काढता येईल. तसेच इथे. ‘विंड’ हे यान पृथ्वीपासून सुमारे पंधरा लाख किलोमीटरवर आहे. तेवढे अंतर तोडायला प्रकाशाला पाच सेकंद लागतात. दोन यानांच्या वेळांतल्या फरकावरून आकाशात एक पट्टा आखता येतो, तिसरे यान असेल तर तो आणखी आवळता येतो.

आता माझ्या चुकीकडे येतो. ४ जानेवारी २०१७ रोजी ‘लायगो’ला सुमारे तीनशे कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दोन कृष्णविवरांच्या मीलनाच्या गुरुत्वलहरी मिळाल्या. लायगोची दोनच केंद्रे, म्हणून जागा म्हणजे आकाशाचा लांबलचक पट्टा. त्या पट्ट्यात शोधताना हवाईतल्या ‘अॅटलस’ दुर्बिणीला २३ तासांनी एक झपाट्याने मंदावणारा ठिपका दिसला. कृष्णविवरांच्या टकरीतून प्रकाश! खरे असते तर खळबळच. माझे टिपण इथेच थांबले होते.

वरुण भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीझेडटीआयच्या नोंदी तपासल्या. टकरीच्या क्षणी काहीच नव्हते. दुसऱ्या दिवशी, ५ जानेवारीला, मात्र एक वेगळा स्फोट स्पष्ट नोंदला होता. इतर यानांनीही तो टिपला होता. वेळा जुळवून आखलेल्या जागेत अॅटलसचा ठिपका बसला, आणि मंदावण्याचा वेगही त्या स्फोटाशी जुळला. ठिपका टकरीचा नव्हता, दुसऱ्याच कुठल्या तरी स्फोटाची मागे राहिलेली धग होती. दोन घटना योगायोगाने आकाशाच्या एकाच पट्ट्यात आल्या होत्या. पुण्या-मुंबईत घडलेल्या उपकरणाने नवा शोध लावण्याऐवजी एक मोठा शोध खोडून काढला, याचे मला जास्त अप्रूप वाटते.

यंदाच्या भित्तिपत्रकात मी दुरुस्ती लावली, दोन्ही तारखांसह. सरांनी पुन्हा उभ्याउभ्याच वाचली आणि विचारले, “घड्याळ कुठले? ग्रीनिचचे की आपले?”

“दोन्ही घड्याळांत तारखा त्याच येतात, सर,” मी म्हणालो. हे मात्र आधीच ताडून ठेवले होते.