मतदानाची सुट्टी : हक्काची आणि पगारी

आमच्या शेजारच्या वत्सलाकाकींचा थोरला मुलगा मुंबईत एका गोदामात रोजंदारीवर आहे. मतदार यादीत नाव मात्र गावचे, कोरेगाव तालुक्यातले. 7 मे 2024 रोजी सातारा आणि सांगली या दोन्ही लोकसभा मतदारसंघांत मतदान होते; मुंबईत ते 20 मे रोजी होते. मुकादमाकडे सुट्टी मागितली तर उत्तर आले, "आज इथं कुठं मतदान आहे? गेलास तर खाडा पडेल." खाडा म्हणजे दिवसाची मजुरी गेली. पोरगा थांबला. गावी काकी एकट्याच केंद्रावर गेल्या.

वाचकहो, मुकादम चुकीचे सांगत होता, आणि ते चूक आहे हे आपल्या मुलाला ठाऊक नव्हते.

लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 सालचा. त्यात 1996 साली कलम 135 ब घालण्यात आले. लोकसभा किंवा विधानसभेला मत देण्याचा अधिकार असलेल्या, कोणत्याही धंद्यात, कारखान्यात वा आस्थापनेत कामाला असलेल्या माणसाला मतदानाच्या दिवशी सुट्टी द्यावी आणि तिचा पगार कापू नये, असे हे कलम सांगते. ज्याला सुट्टीच्या दिवसाचे पैसे एरवी मिळत नाहीत, त्या रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाची मजुरी द्यावी, असेही त्यात आहे. काम एका मतदारसंघात आणि नाव दुसऱ्या मतदारसंघात असले तरी हा हक्क राहतो, असे निवडणूक आयोगाने स्पष्ट केले आहे. म्हणजे कूपवाडच्या एमआयडीसीतला कंत्राटी कामगार असो, विट्याच्या यंत्रमागावरचा असो, की खानापूर-आटपाडीकडून परराज्यात गेलेला गलाई कामगार. सुट्टी पाहायची ती त्याच्या गावच्या मतदानाच्या तारखेची.

"आज जा, रविवारी भरून दे," असेही काही ठिकाणी सांगतात. अशी अट कलमात कुठेही नाही. मालकाने कायदा मोडला तर दंड मात्र 500 रुपयांपर्यंतच! एवढ्याशा दंडाला कोण भिणार, हा प्रश्न रास्तच आहे. म्हणून तर कामगाराने स्वतः कायदा माहीत करून घ्यायचा.

अपवाद एकच. ज्याच्या गैरहजेरीने धोका वा मोठे नुकसान होईल, त्याला हे कलम लागू नाही. अशांना काही तासांची सवलत देण्याच्या सूचना राज्य शासन निवडणुकीच्या वेळी काढते. आणि एक ध्यानात ठेवा : कलमात नाव लोकसभा-विधानसभेचे आहे. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिकेसाठी त्या-त्या वेळचा शासनाचा आदेश पाहावा लागतो.

परदेशांत नव्या नागरिकाचा शपथविधी होतो, त्याला जायला रजा मिळेल का म्हणून तिकडचा कामगार चौकशी करतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या नागरिकत्वाला असा सोहळा झाला नाही. घटना 26 जानेवारी 1950 ला अमलात आली, पण नागरिकत्वाची कलमे 26 नोव्हेंबर 1949 लाच लागू झाली होती. निवडणूक आयोगाचे कलम 324 देखील त्याच दिवशी! त्यापूर्वी मत असे ते जमीन, कर वा शिक्षण असलेल्याला. डॉ. बाबासाहेबांनी 1928 साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला होता. आपल्या गावकुसाबाहेरच्या माणसांचा सोहळा झाला तो 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत, मतदान केंद्रापुढच्या रांगेत. त्या रांगेसाठी पगारी सुट्टीचा कायदा मात्र तेव्हा नव्हता.

आता करायचे काय? तारीख जाहीर झाली की साध्या कागदावर अर्ज लिहा : नाव, मतदारसंघ, मतदानाची तारीख आणि 'कलम 135 ब प्रमाणे पगारी सुट्टी मिळावी' एवढेच. सोबत मतदार ओळखपत्राची झेरॉक्स जोडा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ठेकेदार घेत नसेल तर मूळ कंपनीच्या कार्यालयात द्या. मजुरी कापली तर ती प्रत घेऊन कामगार कार्यालयात किंवा जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे जा. सुट्टी मतदानाच्या दिवसाचीच असते, प्रवासाची नाही. जाण्यायेण्याची सोय आधी पाहा.

20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचे मतदान राज्यभर एकाच दिवशी होते, तेव्हा मुंबईतही सुट्टी होती. काकींच्या मुलाने आदल्या रात्रीची एस.टी. धरली आणि सकाळी आईला घेऊन तो केंद्रावर गेला. मजुरीच्या चिठ्ठीत त्या दिवसाचे पैसे आहेत की नाहीत, हे त्याने पुढच्या पगाराला तपासून पाहिले. होते.